पाठीमागची पाच नावं

१

शुक्रवारी सकाळी हॉल उघडला, कॉफी उकळायला ठेवली आणि भिंतीकडे पाहिलं, तर एका फ्रेममधला फोटो गायब होता. फ्रेम मात्र जागच्या जागी, सरळ टांगलेली. आत नुसता करडा पुठ्ठा दिसत होता.

चोर घाईत असता तर फ्रेमच उचलून नेली असती. मी ती खाली काढून उलटी केली. मागचा कागद कडेकडेने सरळ रेषेत उसवलेला होता. पुठ्ठा धरून ठेवणारे आठ बारीक खिळे उपटलेले होते, पण एकही खाली पडलेला नव्हता. आठही खिळे पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात ओळीने खोचून ठेवले होते. मी म्हटलं, चोर आहे की देवघरातली बाई? इतकी नीटनेटकी चोरी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मी रूफस लेडबेटर. तीस वर्षं मरीन दलात बंदुका दुरुस्त केल्या. आता या ब्रेंट्स लँडिंग गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या त्रेचाळीस जुन्या फोटोंची धूळ झटकतो. दोन महायुद्धांच्या मधले फोटो आहेत सगळे. हैती, शांघाय, निकाराग्वा. रायफली, मशीनगन आणि त्यांना धरून उभी असलेली विशीतली पोरं. मैलभरावर तळ आहे, तिथून हल्ली व्हिएतनामला पोरं जातात. त्यांतलं एखादं येतं, फोटो बघतं, बंदुका जुनाट आहेत म्हणून हसतं आणि जातं. मला राग येतो, पण मी बोलत नाही.

गेला होता तो फोटो साधासुधा असता तर मी दुसरा लावून मोकळा झालो असतो. पण त्यावर एका माणसाची अब्रू टांगलेली होती, आणि मंगळवारी वॉशिंग्टनला त्या अब्रूचा निकाल व्हायचा होता.

२

त्या माणसाचं नाव एमेट क्रेब्स. एकोणीसशे एकोणतीसच्या मार्चमध्ये निकाराग्वात पाच जणांची गस्त निघाली. नदी ओलांडून परत आली तेव्हा बरोबरची टॉमीगन, म्हणजे हातात धरायची छोटी मशीनगन, नव्हती. ती बंडखोरांच्या हाती लागली आणि महिनाभरात त्याच बंदुकीने आपलीच दोन पोरं मारली गेली. शस्त्रागाराच्या वहीत बंदूक क्रेब्सच्या नावावर होती. क्रेब्स म्हणाला, फाटकातून निघतानाच कॉर्पोरलने माझ्याकडून बंदूक घेतली आणि स्वतःची रायफल मला दिली. कॉर्पोरल म्हणाला, साफ खोटं. कॉर्पोरलच्या बाहीवर पट्टे होते, क्रेब्सच्या बाहीवर काही नव्हतं. लष्करी न्यायालयाने क्रेब्सला बेअब्रू करून काढून टाकलं.

तो कॉर्पोरल म्हणजे लाइल स्ट्राऊड. आज आमच्या हॉलचा अध्यक्ष. दर बुधवारी जेवणाला मधल्या खुर्चीत बसतो आणि गुण उधळतो.

क्रेब्स याच गावात राहिला. बेचाळीस वर्षं लोकांनी त्याला दोन पोरांचा मारेकरी म्हणून ओळखलं. आता त्याची फुप्फुसं गेली होती, तो इस्पितळात होता, आणि त्याची एकच मागणी होती. मरण्याआधी नाव साफ व्हावं, आणि पेटीवर झेंडा घालून सैनिकांच्या दफनभूमीत पुरावं. त्याची मुलगी आयडा दोन वर्षं अर्जांमागे धावत होती, आणि मंगळवारी वॉशिंग्टनचं लष्करी मंडळ तो अर्ज ऐकणार होतं.

आणि वसंतात घबाड हाती लागलं. त्या पाचांतला ओडम ओहायोत वारला. त्याच्या बायकोने त्याचा अल्बम आमच्या हॉलला पाठवून दिला. त्यात हा फोटो होता. गस्त निघण्याआधी मातीच्या भिंतीपुढे उभे असलेले पाच मरीन. कोपऱ्यात पांढऱ्या शाईत तीच तारीख. डोक्यावर सूर्य आणि रुंद काठाच्या टोप्या, त्यामुळे पाचही चेहरे काळे. ओळखू येणार ते फक्त मागच्या नावांवरून. ती ओडमने लिहिली होती, आम्ही सगळेच लिहायचो तशी, फोटो खिडकीच्या काचेला टेकवून. फ्रेम करताना मी ती वाचली होती. डावीकडे पहिलं नाव क्रेब्सचं, त्यावर शाईचा डाग. पुढे टॅलबट, ओडम, विंटर्स. शेवटी जागा संपली म्हणून 'स्ट्रा' एवढंच लिहून ओडम थांबला होता.

आयडा बुधवारच्या जेवणाला ॲपल पाय भाजून घेऊन आली होती. सफरचंदाचा असतो तिचा, सबंध गावात तसा कोणाला जमत नाही. भांडी आवरताना तिने सहज विचारलं, की फोटोत टॉमीगन ओडमच्या हातात दिसते, मग तो पुरावा कसला?

मी म्हटलं, "हातातलं बघू नकोस. फोटोसाठी ती बंदूक सगळेच मागून घ्यायचे, आईला पाठवायला. माझाही तसा फोटो आहे, आणि मी तिच्यातून एक गोळी झाडलेली नाही. कमरेकडे बघायचं. पट्ट्याला पाण्याची बाटली, मलमपट्टी, खांद्याचे बंद, सगळं अडकवलेलं असतं. फोटोसाठी तो कोण सोडणार? रायफलवाल्याच्या कमरेला काडतुसांचे छोटे छोटे दहा खिसे. टॉमीगनवाल्याच्या कमरेला लांब पाच. लांब खिसे ज्याचे, त्या दिवशी बंदूक त्याची."

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि फोटो खेळायच्या पत्त्याएवढा. म्हणून म्हटलं, शनिवारी मोठं भिंग आणतो, दोघं मिळून बघू. ती बरं म्हणाली आणि ओट्यावरचा कपडा पिळत राहिली.

३

साहजिकच मी आधी स्ट्राऊडकडे गेलो. मोठं घर, कापलेलं गवत, दारात झेंडा. तो अंगणात खेकडे उकडत होता. मला बसही म्हणाला नाही.

फोटो गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याचा हात जरासा थांबला. मग तो हसला.

"म्हणजे चोर मी, असंच ना?"

मी म्हटलं, तुझ्याइतकं त्या फोटोशी वाकडं कोणाचं आहे?

"लेडबेटर, तू मरीन होतास की स्वयंपाकी? कंपनीतल्या कंपाउंडरकडे कॅमेरा होता. तो एक फोटो काढायचा आणि जितकी माणसं तितक्या प्रती. पाचही जणांनी घेतला होता तो. माझाही आहे पेटीत कुठेतरी. तुझ्या भिंतीवरचा एक चोरून माझं काय भलं होणार?"

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. प्रत्येक मरीनच्या अल्बममध्ये तेच फोटो असतात. त्यामुळेच तर प्रत्येक नातवाला वाटतं की आपला आजोबा सगळ्या लढायांत होता. मी त्याला म्हटलं, मग तुझी प्रत दाखव. तो म्हणाला, शोधायला वेळ नाही, खेकडे करपतील. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण हात खिशात घालून परत आलो.

येताना एक गोष्ट मनात पक्की झाली. हा फोटो एकुलता एक आहे असं ज्याला वाटलं, त्यानेच तो चोरला. म्हणजे चोर कधीच मरीन नव्हता.

गुरुवारपासून गावातल्या मोटेलमध्ये डेल्बर्ट क्विस्ट नावाचा एक बाल्टिमोरचा माणूस उतरला होता. जुन्या बंदुकांचे फोटो जमवायचा. ओडमचा सबंध अल्बम विकत मागायला आला होता आणि मी त्याला हाकलून दिलं होतं. तो लष्करात एक दिवसही नव्हता. मी सरळ त्याच्या खोलीवर गेलो.

४

क्विस्टने हसतमुखाने दार उघडलं. मी आरोप केला तरी त्याचं हसू गेलं नाही. त्याने पलंगाखालून एक खोकं ओढलं, कागदांत गुंडाळलेले फोटो भराभरा चाळले आणि एक माझ्यापुढे ठेवला.

तोच फोटो होता. तीच मातीची भिंत, तीच पांढरी तारीख. मागची बाजू मात्र कोरी. कंपाउंडरच्या स्वतःच्या संग्रहातली प्रत, लिलावात मिळालेली.

"मला दुसरा कशाला हवा?" तो म्हणाला. "आणि टॉमीगन इतकी स्वच्छ दिसणारे फोटो फार नाहीत, मिस्टर लेडबेटर. नळीच्या टोकाचा तुकडा बघा. माणसं काय, ती सगळ्या फोटोंत सारखीच असतात."

पोरगा वाईट नव्हता, पण माणसं त्याला दिसतच नव्हती. मी फोटो आणि त्याचं भिंग घेऊन खिडकीशी गेलो. चांगला डोळा लावला. मधल्याच्या हातात टॉमीगन, पण कमरेला छोटे खिसे. एकेक कंबर बघत गेलो. चौघांच्या कमरेला रायफलीचे छोटे खिसे. डाव्या टोकाला उभा असलेल्याच्या कमरेला लांब पाच.

डाव्या टोकाला. आणि मागे डावीकडून पहिलं नाव क्रेब्सचं होतं.

मी खुर्चीत बसलो. म्हणजे बेचाळीस वर्षं तो माणूस खोटं बोलत आला? स्ट्राऊड खरं बोलत होता आणि मी उगाच त्याला शिव्या घालत होतो? मला क्रेब्सचा राग आला, आणि त्याच्यासाठी धावणाऱ्या आयडाची कीव आली. क्विस्टने पाणी दिलं. ते पिताना सवयीने फोटो उलटा केला, मागे काही लिहिलंय का ते बघायला. कोऱ्या पाठीवरून उजेड येत होता आणि पाच माणसं पुसट, उलटी दिसत होती. लांब खिशांचा माणूस आता उजव्या टोकाला होता.

पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं.

मग बाकीचंही आपोआप सुटत गेलं. कमरेकडे बघायचं, हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि उपटलेले खिळे हरवू नयेत म्हणून ओळीने खोचून कोण ठेवतं? आम्ही पुरुष ते राखदाणीत टाकतो, नाहीतर जमिनीवर. टाचण्या ओळीने खोचून ठेवायची सवय दिवसभर शिवणारीलाच असते.

मोटेलच्या कचेरीतून इस्पितळात फोन लावला. नर्स म्हणाली, मिस्टर क्रेब्सना खूप धाप लागते आहे. आणि त्यांची मुलगी गुरुवारपासून फिरकलेली नाही. दोन वर्षांत एकही दिवस चुकली नव्हती.

५

आयडाचं दुकान तळाच्या फाटकासमोर आहे. मरीनच्या गणवेशांवर पट्टे आणि बिल्ले शिवते. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही. करणार कोण, क्रेब्सच्या पोरीशी? मी गेलो तेव्हा ती मशीनवर वाकलेली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

मी म्हटलं, "आयडा, फोटो दे."

तिने नाकारलं नाही. मशीन थांबवली. म्हणाली, "नाही आता, मिस्टर रूफस. मागच्या पिंपात जाळला."

गुरुवारी दुपारी हॉलची किल्ली कुंडीखालून काढून ती आत गेली होती. शनिवारपर्यंत तिला थांबवलं नाही. वडिलांचं नाव साफ झालेलं सगळ्यांत आधी आपण बघावं, इतकीच हौस होती. शिवणाचं भिंग होतंच तिच्याकडे. मागचा कागद उसवला, नावं वाचली, फोटो सुलटा केला आणि डावीकडचा पहिला माणूस बघितला.

"लांब खिसे," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं तसेच, पाच. माझी आई दुकानात गेली की बायका बाजूला सरकायच्या. ती मरेपर्यंत म्हणत राहिली, माझा नवरा खोटं बोलत नाही. आणि तो आम्हा दोघींशी रोज खोटं बोलत होता. निदान मंडळाने तरी ते बघू नये म्हणून जाळला. मी त्या लोकांना तोंड कसं दाखवू?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. फोटो गेलाच होता. खरं सांगितलं तर ती बाई स्वतःला जन्मभर क्षमा करणार नव्हती. आणि नाही सांगितलं, तर एमेट क्रेब्स त्या खाटेवर दाराकडे डोळे लावून एकटा मेला असता. मग टेबलावरचा कापड बेतायचा पातळ कागद फाडला.

त्यावर पाच उभ्या रेघा ओढल्या. डाव्या टोकाच्या रेघेला कमरेशी लांब खिसे काढले. मग कागद उलटा करून दुकानाच्या काचेला टेकवला. उजेडात रेघा पलीकडून दिसत होत्या.

"आम्ही अशीच नावं लिहायचो," मी म्हटलं. "ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या पाठीवर. उजवीकडे शेवटी कोण होतं?"

"स्ट्राऊड. अर्धंच लिहिलेलं."

मी लांब खिशांच्या रेघेमागे स्ट्राऊड लिहिलं, दुसऱ्या टोकाला क्रेब्स लिहिलं, आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो सुलटा केला. पुन्हा उलटा केला. मागे डावीकडे असलेले तिचे वडील पुढे उजव्या टोकाला होते, रायफलीच्या छोट्या खिशांसकट.

तिने कागदाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली, अंगावरचे दोरे झटकले आणि म्हणाली, "मला इस्पितळात सोडा."

मी तिला कमरेचं सांगितलं होतं. पाठीचं सांगायचं राहून गेलं होतं. आमच्यातल्या कोणालाच ते कधी सांगावं लागलं नव्हतं, म्हणून सुचलंच नाही. हे मी गाडी चालवताना तिला म्हटलं.

६

मी दाराबाहेर थांबलो. एमेटने कुठे होतीस असं विचारलं नाही. दम खात एवढंच विचारलं, "फोटो बघितलास?"

"बघितला, पपा. तुम्ही उजव्या टोकाला आहात. कमरेला रायफलीचा पट्टा."

मग तो म्हणाला, "मी सांगतच होतो." जाळल्याचं तिने त्याला सांगितलं नाही. तेवढं एक खोटं त्या घरात झालं, आणि ते मी केलं असतं तरी मला त्याची लाज वाटली नसती.

रविवारी मी पुन्हा स्ट्राऊडकडे गेलो. क्विस्टची प्रत त्याच्यापुढे धरली आणि डाव्या टोकाच्या कमरेवर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावून नीट पाहिलं.

"मागे नावं आहेत?"

"नाहीत. जी होती ती प्रत जळाली."

"मग हा कोणीही असू शकतो," तो म्हणाला. टॅलबट ग्वाडलकनालच्या लढाईत मेला होता, विंटर्सचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. स्ट्राऊडलाही हे ठाऊक होतं.

मी म्हटलं, "लाइल, तो माणूस आठवड्याचा सोबती आहे. तुझी पेटी उघड."

त्याने फोटो मला परत दिला. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. पुसून झाल्यावरही वर पाहिलं नाही. "पेटीत काही नाही. मी माझा एकोणतीसमध्येच जाळला," तो म्हणाला. "नदीला पाणी होतं. हातातून सुटली. मला तेव्हा सार्जंट करणार होते." मग दार लावून घेतलं.

हे त्याने साक्षीदार नसताना सांगितलं. मंगळवारी मी वॉशिंग्टनला मंडळापुढे सगळं सांगितलं, फोटो दाखवला, कागदाच्या पाच रेघासुद्धा दाखवल्या. त्यांनी आदराने ऐकून घेतलं. मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्याच्या आठवणीवर लष्करी न्यायालयाचा निकाल फिरवता येत नाही, असं पत्र तीन आठवड्यांनी आलं. एमेट त्याआधीच, मंगळवारनंतरच्या गुरुवारी गेला होता. गावच्या दफनभूमीत पुरला. पेटीवर आयडाने स्वतः शिवलेली पांढरी चादर होती. आमच्या हॉलमधून मी एकटाच गेलो.

ती रिकामी फ्रेम मी टाकून दिली नाही. करड्या पुठ्ठ्यासकट स्ट्राऊडच्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगली. खाली कार्ड लावलं आणि त्यावर फक्त त्या गस्तीची तारीख लिहिली. आयडा अजूनही बुधवारी ॲपल पाय घेऊन येते, सगळ्यांना वाढते, आणि मधल्या खुर्चीपुढची बशी रिकामी ठेवून पुढे जाते. कोणी विचारत नाही. सगळ्यांना कळलेलं आहे, आणि सगळे स्ट्राऊडबरोबर जेवतात. मीसुद्धा जेवतो, आणि त्याचा मला राग येतो.

गेल्या बुधवारी स्ट्राऊड म्हणाला, "लेडबेटर, ती फ्रेम काढ. भिंत वाईट दिसते."

मी म्हटलं, "उभा राहा आणि त्या दिवशी कोण कुठे उभं होतं ते सगळ्यांना सांग. लगेच काढतो."

त्याने बशी पुढे ओढली. फ्रेम अजून तिथेच आहे.